तेलेसियाबाईंचे तेरा कॉम्प्युटर

तेलेसियाबाईंना कॉम्प्युटरचा वर्ग मी दिला, हे मी आजही चारचौघांत छाती पुढे काढून सांगतो. का दिला, ते मात्र सांगत नाही. इथे सांगून टाकतो.

आठ वर्षांपूर्वी आमच्याच बेटावरून ऑकलंडला गेलेल्या मंडळींनी तिथल्या चर्चमधून जुने चोवीस कॉम्प्युटर जमवले आणि बोटीने शाळेला पाठवले. धक्क्यावर बँड वाजला, पाद्रीबुवांनी प्रार्थना केली, मुख्याध्यापक म्हणून मी लांबलचक भाषण ठोकलं. दुसऱ्या दिवशी ती चोवीस धुडं माझ्या ऑफिसात छतापर्यंत रचलेली होती आणि मला माझ्या खुर्चीपर्यंत जाता येत नव्हतं. गणिताचे मास्तर म्हणाले, आपल्याला यातलं काही कळत नाही. विज्ञानाच्या बाई नेमक्या रजेवर गेल्या. उरल्या शिवणकामाच्या तेलेसियाबाई. त्यांच्या वर्गात पायाने चालवायची सात शिलाई मशिनं होती आणि सातच्या सात चालू होती. शाळेतली घंटासुद्धा तेव्हा चालू नव्हती.

मी म्हटलं, "बाई, मशीन ते मशीन. तुम्हीच बघा काय ते."

"कपडे शिवायचे आहेत का यावर?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग काय करायचं असतं?"

"ते बघू पुढे. आधी हलवा."

म्हणजे मला दूरदृष्टी वगैरे काही नव्हती, मला खुर्ची मोकळी हवी होती. पुढे वर्ग नावारूपाला आला तेव्हा श्रेय घ्यायला मी पहिला.

बाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, चालताना घाई नाही आणि बोलताना आडपडदा नाही. नवरा वर्षातले सात महिने न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जातो, मूलबाळ नाही, घरी म्हातारी आत्या. न्यूझीलंडच्या उत्तरेला समुद्रात विखुरलेली हापाईतली आमची ही बेटं इतकी चिमुकली आहेत की माणूस रागावून निघून जायचं म्हणाला तर दहा मिनिटांत समुद्र लागतो, आणि परत यावं लागतं. म्हणून आमच्याकडे सगळे गोड बोलतात. तेलेसियाबाई तेवढ्या गोड बोलत नाहीत, खरं बोलतात. पहिली काही वर्षं मला त्यांच्या या एका गोष्टीचा फार त्रास झाला.

चोवीसांपैकी पहिल्या दिवशी सतरा सुरू झाले. महिन्याभराने चौदा. समुद्राची हवा लोखंडाचा नांगर खाते, तिथे कॉम्प्युटरमधल्या पातळ पट्ट्यांची काय कथा. बाईंनी शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर घेऊन पहिला कॉम्प्युटर उघडला, तर आत पालीची दोन अंडी निघाली. त्यांनी ती अलगद काढून खिडकीत ठेवली आणि मुलांना म्हणाल्या, "आता बघू या अंड्यांशिवाय हा काय करतो." गंजलेल्या पट्ट्या त्यांनी खोडरबराने घासल्या. तो चालू झाला. त्या दिवशी बाईंच्या तोंडावर जो आनंद होता तो मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता, आणि लग्नात मी पुढच्या रांगेत होतो.

त्यानंतर त्यांची पद्धत बसली. जुन्या चादरींच्या खोळी शिवून प्रत्येकावर चढवल्या. रोज सकाळी शाळेआधी अर्धा तास सगळे सुरू करून बघायचे. प्रत्येक मुलाच्या गळ्यात दोऱ्याला पेन ड्राइव्ह, दर पाच मिनिटांनी काम त्यात उतरवायचं, नाहीतर बाईंची पट्टी. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, जी मला पटायला दोन वर्षं लागली: चालू असलेल्यांपैकी दोन नेहमी रिकामे ठेवायचे.

"बाई, पोरं खोळंबलीत आणि दोन चांगले कॉम्प्युटर खोळ घालून बसवलेत. हा काय प्रकार?"

"सर, बंद पडत नाही असं मशीन मी अजून पाहिलेलं नाही. बंद पडलं की त्या पोराचा तास बुडतो. तो बुडू नये म्हणून हे दोन."

"आणि बाकीचे मेलेले? ते तरी फेकू."

"ते मेलेले नाहीत. त्यांचे हातपाय या चालत्यांना लागतात."

अशा रीतीने चोवीसातून तेरा धडधाकट उभे राहिले आणि अकरा त्यांच्यासाठी सुटे झाले. तेराच्या खाली त्यांनी आकडा कधी जाऊ दिला नाही.

हे सगळं त्यांनी एकटीने केलं असं मात्र नाही. दुसऱ्या वर्षी केपुएली परत आला. केपुएली म्हणजे बाईंचा दोन वर्षांनी धाकटा भाऊ. बेटांमधून फिरणाऱ्या बोटीवर वीस वर्षं विजेचं काम केलं, मग इंजिनाच्या खोलीत गुडघा चिरडला आणि गडी लंगडत घरी आला. असा माणूस शाळेला आयता मिळाला. मी त्याला तांत्रिक सहायक म्हणून नेमलं. अडचण एकच होती, आणि ती आमच्या बेटावर कोणाला सांगावी लागली नाही.

आमच्याकडे भाऊ-बहीण वयात आले की एका खोलीत बसत नाहीत. चेष्टामस्करी नाही, एकत्र सिनेमा नाही, एका छपराखाली झोपणं नाही. चुलत, मामे, आते, मावस हे सगळे भाऊ-बहीणच. आता पुष्कळ घरांत हे सैल झालंय. माझीच मुलं शेजारी बसून सिनेमा बघतात आणि मी दुसरीकडे तोंड करतो. पण तेलेसिया आणि केपुएली यांचे वडील पाद्री, घर कडक. ती तेरा वर्षांची झाली आणि हा चटई उचलून मागच्या झोपडीत झोपायला गेला. तेव्हापासून दोघं एका खोलीत आलेले नाहीत, चर्च सोडून, आणि तिथेही मध्ये दहा बाकं. समोरासमोर बोलणं नाही. निरोप तिसऱ्याकडून. यात भांडण मुळीच नाही, उलट मान आहे. बहिणीचं स्थान भावाच्या वर. तिने एक शब्द टाकला तर त्याला नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ती तो शब्द फार जपून टाकते.

तेव्हा कामाची वाटणी अशी झाली. दिवसभर बाई शिकवणार. तीन वाजता त्या समुद्राकडच्या दाराने बाहेर पडणार आणि सव्वातीनला केपुएली रस्त्याकडच्या दाराने आत येणार. बिघडलेल्या कॉम्प्युटरला बाई शिवणाचा दोरा बांधून ठेवायच्या. लाल म्हणजे बंद, पिवळा म्हणजे अडखळतो, पांढरा म्हणजे आवाज करतो. केपुएली अंधार पडायच्या आत दुरुस्त करायचा आणि दोरा गुंडाळून त्यावर ठेवून जायचा. सहा वर्षांत दोघांत एक चिठ्ठी गेली नाही. मी मध्ये बोलायचो ते नुसती हौस म्हणून.

संध्याकाळी कावा, म्हणजे मुळं कुटून केलेलं आमचं पेय, पिताना मी त्याला डिवचायचो, "काय रे, आज ताईंनी पाच लाल दोरे बांधलेत. तुझं काम दिसतंय सगळं."

"पाच नाहीत, दोन," तो म्हणायचा. "तू मुख्याध्यापक आहेस साटेकी, तुला आकडे फुगवायची खोड आहे."

ते खरंच होतं. दरवर्षी राजधानीहून फॉर्म यायचा: शाळेत किती कॉम्प्युटर चालू आहेत? आता चांगल्या माणसाने इतक्या आपुलकीने विचारलं असताना तेरा असं तोंड वेंगाडून कसं लिहायचं? ऑकलंडच्या मंडळींना काय वाटेल? मी लिहायचो चोवीस. पाच वर्षं लिहिलं. परिणाम असा की राजधानीच्या यादीत आमची शाळा सुखी आणि नवा एक कॉम्प्युटर आमच्याकडे फिरकला नाही.

या वर्षाच्या सुरुवातीला परदेशातून एक तरुण पाहुणा आला. चेहऱ्यावर उन्हाने सोललेलं नाक, हातात हजेरीपट. त्याने हिशेब केला: बावीस मुलं, अकरा कॉम्प्युटर, एकावर दोघं, झालं पुरेसं. हजेरीच्या क्रमाने त्याने जोड्या बसवल्या. पाच मुलगे काही न बोलता उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले, कारण शेजारी चुलतबहीण. त्याने वहीत लिहिलं, मुलग्यांना तंत्रज्ञानात रस दिसत नाही. बाईंनी ते खांद्यावरून वाचलं. त्या म्हणाल्या, "रस आहे. खुर्ची नाही." मग त्यांनी त्या जोड्या मोडून मुलगे एकीकडे, मुली एकीकडे बसवल्या. मुलगे नऊ, मुली तेरा, म्हणजे दोन्हीकडे एकेक जण उरला, आणि त्या दोघांची आजी एकच. बाईंनी खोळ काढून राखीवातला एक त्या मुलाला दिला. पुरेसे म्हणजे किती हे कागदावरच्या भागाकाराने ठरत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

आणि याच वर्षी पुढे एक पत्र आलं. पाचवा फॉर्म या इयत्तेच्या परीक्षेत कॉम्प्युटरचं प्रात्यक्षिक येणार. ज्या शाळेत व्यवस्था असेल ती शाळा केंद्र होईल, बाकीच्या मुलांनी बोटीने हापाईच्या मुख्य गावी, पांगाईला जाऊन पाच दिवस राहायचं. आमच्या शाळेतून आदल्या वर्षी दुसऱ्या एका परीक्षेला अकरा जणांना तसं जायचं होतं. समुद्र खवळलेला, घरचे सोडायला तयार नाहीत, गेले चार. मुली एकही नाही. बाईंच्या वर्गात या वर्षी बावीस होते, त्यात तेरा मुली. केंद्र मिळालं नाही तर त्या तेराजणींचा विषय गेला, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

केंद्रासाठी अटी होत्या. प्रत्येक मुलाला स्वतंत्र कॉम्प्युटर. दोन तुकड्या चालतील. दहा मिनिटांपेक्षा जास्त एकाही मुलाचं काम थांबता कामा नये. आणि शेवटची अट: शिक्षक व तांत्रिक सहायक दोघेही पूर्ण वेळ परीक्षेच्या खोलीत हजर पाहिजेत. त्यासाठी राजधानीहून साहेब येऊन प्रत्यक्ष सराव परीक्षा घेऊन बघणार होते.

बाईंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि दिवसभर शिकवत राहिल्या. संध्याकाळी ऑफिसात आल्या.

"हे केपुएलीला दाखवू नका."

"अहो, दाखवलं नाही तर कसं? तुम्ही नुसतं म्हणा, तो येऊन बसेल."

"बसेल. मी म्हटलं तर बसेल, दोन तास जमिनीकडे बघत बसेल, आणि नंतर महिनाभर कोणाला तोंड दाखवणार नाही. म्हणून मी म्हणणार नाही."

"मग आपण फॉर्मवर दोघंही हजर असं लिहू. साहेब आपलेच आहेत, डोळेझाक करतील."

"सर," त्या म्हणाल्या, "तुमचं सगळ्याला हो लिहिणं आता पुरे झालं. तुमच्या चोवीसांनी आमचं काय झालंय ते बघताय ना? या वेळी मी भरते."

त्यांनी माझ्यासमोर बसून भरलं. चालू कॉम्प्युटर: तेरा. शिक्षक: खोलीत. तांत्रिक सहायक: खोलीबाहेर, फणसाच्या झाडाखाली. आमच्याकडचा फणस तुमच्यासारखा काट्यांचा नाही, भाजून खायचा, पण सावली दाट. मी घाम पुसत सही केली.

साहेबांचा सोमवार ठरला. म्हणजे आदल्या दिवशी रविवार, आणि रविवारी आमच्याकडे कोणी हातोडीसुद्धा उचलत नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत केपुएलीने तेराही तपासले. बेटाची वीज जनरेटरची, ती वरखाली होते, म्हणून प्रत्येक दोन कॉम्प्युटरमागे एक जुना यूपीएस होता. त्याने गावभर फिरून सांगितलं की सोमवारी सकाळी शाळेच्या तारेवर दुसरं काही लावू नका. मलाही सांगितलं. मी म्हटलं, मला काय सांगतोस, मी मुख्याध्यापक आहे.

सोमवारी फेआओ साहेब आले. साठीचे, उंच, कमरेला ताओवाला, म्हणजे मानाची विणलेली चटई, कडक बांधलेली, चष्मा नाकाच्या टोकावर. चष्म्यावरून खोली पाहिली आणि माझ्याकडे वळले.

"पाच वर्षं तुम्ही चोवीस लिहीत होता."

मी खोकलो. बाईच म्हणाल्या, "चोवीस आले, साहेब. तेरा चालतात. अकरा मुलांना, दोन राखीव."

"म्हणजे तुमच्याकडे कमी आहेत."

"जास्त मिळाले तर नको म्हणणार नाही. पण आज कमी पडणार नाहीत."

"हे इतक्या खात्रीने सांगताय?"

"रोज सकाळी मोजते."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि पहिली तुकडी बसवली. दुसरी तुकडी चर्चच्या हॉलमध्ये गाण्याचा सराव करत बसली. पहिली चाळीस मिनिटं सगळं सुरळीत चाललं. खोलीत फक्त कळफलकांचा आवाज. मी व्हरांड्यातून बघत होतो आणि माझं मन मोठं झालं. मन मोठं झालं की माझ्या हातून काहीतरी होतं.

माझ्या मनात आलं, साहेब एवढ्या लांबून आलेत, आणि त्यांना ओताई कोमट द्यायची? कलिंगड आणि नारळाच्या दुधाची ओताई बायकांनी दोन बादल्या करून ठेवली होती. चर्चचा मोठा फ्रीझर मी शनिवारीच शिक्षकांच्या खोलीत आणून ठेवला होता, केपुएलीला न कळवता. आमच्याकडे पाहुण्याला कोमट काही देणं म्हणजे त्याला धक्क्यावरून परत पाठवण्यासारखंच. मी म्हटलं, एका फ्रीझरने काय होतंय. बादल्या आत ठेवल्या आणि पिन लावली.

दिवे मिणमिणले. मग एकदम लख्ख झाले. कॉम्प्युटरच्या खोलीतून यूपीएसची पीं पीं सुरू झाली. पिन ओढून काढून मी धावलो, पण व्हायचं ते झालं होतं. तीन कॉम्प्युटर काळे पडले होते. तिन्हींना वीज पुरवणारे आतले डबेच गेले होते.

बाई धावल्या नाहीत. त्यांनी दोन राखीवांच्या खोळी काढल्या, दोघांना खुणेने बोलावलं, पेन ड्राइव्ह लावले, दोन मिनिटांत दोघांचं काम पुढे सुरू. तिसरी फिफिता. अत्यंत हुशार पोरगी, घरच्यांनी पांगाईला कधी सोडली नसती अशी. तिने गळ्यातला पेन ड्राइव्ह मुठीत धरला होता आणि बाईंकडे बघत होती. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"तीन मिनिटं झाली. तांत्रिक सहायकांना बोलवा."

मी दाराकडे निघालो. बाईंनी हाताने मला थांबवलं. मला वाटलं त्या स्वतःच उघडणार, त्यांना डबा बदलता येतो. पण चांगले डबे केपुएलीच्या पिशवीत, आणि डबा बदलायचा तर उरलेल्या दहा मुलांकडे पाठ करावी लागणार. मी वळसा घालून झाडापर्यंत पोचायचं तर आणखी दोन मिनिटं जाणार. त्या खिडकीपाशी गेल्या. खिडकीच्या चौकटीला धरून क्षणभर उभ्या राहिल्या. मानेवर घामाची धार होती.

"केपुएली," त्यांनी हाक मारली. "पिशवी घेऊन ये."

मोठ्याने मारली. हॉलमधलं गाणं थांबलं. गावात ज्यांनी ती ऐकली ते सगळे जागच्या जागी उभे राहिले असतील, कारण त्या तोंडातून त्या नावाची हाक आमच्यापैकी कोणीच ऐकली नव्हती.

रस्त्याकडच्या दारात केपुएलीचा लंगडा पाय वाजला आणि बाई समुद्राकडच्या दाराने बाहेर पडल्या. साहेबांनी तोंड उघडलं. शिक्षकांनी खोली सोडायची नाही, हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलेलं मला दिसलं. मग त्यांनी केपुएलीकडे पाहिलं, बाईंच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि उठून स्वतः मुलांमध्ये जाऊन उभे राहिले.

मी बाईंच्या मागे गेलो. त्या भिंतीला टेकून समुद्राकडे बघत होत्या.

"बाई, फ्रीझर मी..."

"माहीत आहे. पिन काढली का?"

"काढली."

"मग गप्प उभे राहा."

मी गप्प उभा राहिलो. आतून स्क्रू पडल्याचा आवाज आला, मग पुन्हा एकदा. बाईंनी डोळे मिटले. केपुएलीच्या हातून स्क्रू कधी पडत नाहीत. मी बोटांवर मिनिटं मोजायला लागलो आणि मोजणं चुकलं. मग कॉम्प्युटर सुरू होतानाचा तो बारीक टुण्णकन आवाज आला, रस्त्याकडचं दार वाजलं, आणि बाई आत गेल्या. फिफिताने पेन ड्राइव्ह लावला तेव्हा साहेबांच्या घड्याळात नऊ मिनिटं पूर्ण व्हायची होती.

दुसरी तुकडीही पार पडली. बाईंनी मधल्या वेळात केपुएलीने मागे ठेवलेला आणखी एक डबा बसवून एक राखीव उभा केला होता. त्याची गरज पडली नाही.

जेवणावळीत डुक्कर, सुरण, अळूच्या पानांत शिजवलेलं मटण, सगळं होतं. साहेबांनी ओताईचा पेला तोंडाला लावला.

"वा. गार आहे. कशाने केलीत?"

तेलेसियाबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सुरणाचा तुकडा तोंडात टाकला.

"फ्रीझरने, साहेब," मी म्हटलं. "परीक्षा संपल्यावर पुन्हा लावला. आधी लावला तेव्हा तुमचे तीन कॉम्प्युटर मीच पाडले."

साहेबांनी पेला खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. "माझ्या आईने पण हेच केलं असतं," ते म्हणाले आणि पेला रिकामा केला.

मग त्यांनी फॉर्म काढला. एकेक ओळ वाचत गेले. स्वतंत्र कॉम्प्युटर, होय. राखीव, होय. दहा मिनिटांच्या आत, होय. शेवटच्या ओळीवर थांबले.

"तांत्रिक सहायक पूर्ण वेळ खोलीत हजर. होय की नाही?"

माझ्या तोंडात होय तयार होतं. बाई म्हणाल्या, "नाही, साहेब. आणि परीक्षेच्या दिवशीही नसेल. यावर आमचं केंद्र जाणार असेल तर आत्ताच सांगा, मी मुलींच्या घरी बोटीचं बोलायला लागते."

आवाज जराही हलला नाही. मी मात्र मनात हिशेब करत होतो. तेरा मुली, आठ वर्षं, आणि माझ्या दोन बादल्या ओताई.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ही ओळ मीच घातली. बाहेरून आलेल्या फॉर्मवरून उतरवली. उतरवताना डोकं कुठे होतं कोण जाणे. मला तीन बहिणी आहेत." त्यांनी ती ओळ खोडली, वर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि कागद बाईंकडे सरकवला. लिहिलं होतं: तांत्रिक सहायक हाकेच्या अंतरावर हजर पाहिजे.

"चालेल का?"

"चालेल," बाई म्हणाल्या.

"आणि सहा नवीन पाठवतो. तुम्ही खरा आकडा लिहिलात म्हणून. मुख्याध्यापकांनी लिहिला असता तर पुढच्या वर्षी तुमच्याकडूनच मागवून घेतले असते."

सगळे हसले. मीही हसलो, न हसून काय करता.

साहेबांची बोट गेल्यावर मी केपुएलीकडे गेलो. आधी माफी मागायची होती. तो घरामागे चटईवर बसून कावा कालवत होता. मी फ्रीझरचं सगळं सांगितलं. त्याने शिव्या द्यायला हव्या होत्या. त्याने नुसती वाटी भरून माझ्यापुढे केली.

"केंद्र मिळालं," मी म्हटलं. "ताईंचा वर्ग राहिला."

"राहणारच होता. ताईंनी मोजलेलं कधी चुकतं का?"

"तुझ्या हातून स्क्रू पडले आज. दोनदा."

तो वाटीत बघत राहिला. "तेहेतीस वर्षं झाली, साटेकी. मी झाडावर होतो, त्या जेवायला बोलवत होत्या. ती शेवटची. आवाज तर रोज येतो कानावर, वर्गातला, चर्चमधला. पण त्या आवाजात माझं नाव... आईच हाक मारते असं वाटलं रे. हुबेहूब आई. दिसेना मला स्क्रू कुठे पडला ते."

त्याने बाहीने तोंड पुसलं.

"पुन्हा मारतील का त्या?"

"मारतील की. काही बिघडलं तर."

"मग बिघडव काहीतरी," केपुएली म्हणाला. "तुला चांगलं जमतं."